ठमीचा ताप आणि कडकमामांचा हात

कडकमामांच्या हाताला चटका कसा तो ठाऊकच नव्हता. इस्त्री तापली का बघायला दुसरी माणसं पाणी शिंपडतात. मामा बोटांची टोकं इस्त्रीच्या तळाला टेकवून उचलायचे आणि सांगायचे, "सुती चालेल, रेशीम जरा थांबू दे." तेही असं, की जणू भिंतीला हात लावला.

कडक हे काही त्यांचं नाव नव्हे. शर्टाची कॉलर अशी उभी करायचे की घालणाऱ्याला मान वळवायची तर आधी विचार करावा लागे, म्हणून गल्लीनं ते नाव पाडलं. स्वभावावरून पडलं असेल असं नव्या माणसाला वाटायचं, पण त्यात काही अर्थ नव्हता. मामांचा स्वभाव धुतलेल्या मलमलीसारखा, ओढाल तिकडे जाणारा. बायको गेल्यावर एकुलती लेक त्यांनीच वाढवली, वेण्या घातल्या, शाळेत पोचवली. फक्त त्या वेण्यासुद्धा इस्त्री केल्यासारख्या ताठ असायच्या, आणि लेक अजून त्यावरून हसते.

ही लेक आता तान्ही पोर घेऊन बापाकडे राहत होती. जावई लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले चार दिवस घरी. लेकीची नोकरी बाटल्यांच्या कारखान्यात. दिव्यासमोर बसायचं, समोरून काचेच्या बाटल्या सरकत जातात, ज्या बाटलीत बुडबुडा किंवा तडा दिसेल ती बाजूला काढायची. कारखाना मामांच्या घरापासून चालत जाण्याजोगा, म्हणून हे बिऱ्हाड इथं. पोरीचं कागदावरचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण ती गोल, गुबगुबीत आणि स्वतःच्या मतावर ठाम निघाली, तेव्हा मामा तिला ठमी म्हणू लागले आणि तेच राहिलं.

लेकीची बाळंतपणाची रजा संपली आणि प्रश्न उभा राहिला, दिवसभर ठमीला बघणार कोण. मामा म्हणाले, मी आहे की. विहीणबाई, म्हणजे लेकीच्या सासूबाई, म्हणाल्या, इस्त्रीच्या दुकानात तान्हं मूल ठेवतात का कुणी? माझ्याकडे द्या, चालायला लागली की घेऊन जा. विहीणबाई वाईट नव्हत्या, त्यांचं घर मोठं, मोकळं. पण ते गाव एक आख्खा दिवस प्रवास करावा इतकं लांब. लेकीनं रडून नवऱ्याला सांगितलं की एवढ्या लांब पोर ठेवली तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. शेवटी तडजोड झाली. महिनाभर मामांनी सांभाळून दाखवायचं. काही कमीजास्त झालं, तर पोर आजीकडे. आणि महिना भरायच्या आधी, येत्या रविवारी, विहीणबाई स्वतः बघायला येणार होत्या.

मामांचं सगळं ठीक चाललं होतं. लेक सकाळी स्वतःचं दूध काढून ठेवायची, मामा ते वाटीचमच्यानं पाजायचे. लंगोट बदलायला शिकले, त्यालाही घडी अशी बसवायचे की सुटायची नाही आणि घट्टही नाही. मग आला लसीचा दिवस. ठमीची ही तिसरी खेप. लेकीनं सुट्टी मागितली होती, पण कारखान्यात नवी भट्टी सुरू झाली होती आणि डोळ्यांनी बाटल्या तपासणारी माणसं कमी, त्यामुळे मिळाली नाही.

"मीच नेतो," मामा म्हणाले. "आधीच्या दोन वेळा आलोच होतो ना तुझ्याबरोबर."

आले होते हे खरं. पण दोन्ही वेळा पोर रडणार म्हणून बाहेर चपलांपाशी उभे राहिले होते, हेही तेवढंच खरं. लेकीनं ते बोलून दाखवलं नाही.

दवाखाना दोन गल्ल्या ओलांडून. लांबट खोली, भिंतीला बाकडी, प्रत्येक बाकड्यावर मांडीत एकेक गाठोडं. ठमीच्या तोंडात आधी थेंब सोडले. ते तिनं चाखून बघितले आणि पुन्हा तोंड उघडलं. मग सिस्टरनं मामांना सांगितलं, मांडीवर घ्या, पाय धरून ठेवा. मामांनी पाय धरले, डोळे मिटले, मान भिंतीकडे फिरवली. सुई टोचली तेव्हा पोरीच्या आधी मामांच्या तोंडून हाय निघाली.

"आजोबा, सुई हिला टोचलीय," सिस्टर म्हणाली. "तुम्हाला नाही."

बाकड्यावरच्या बाया हसल्या. ठमी रडली, मग खांद्यावर घेतल्यावर हुंदके देत थांबली. सिस्टरनं त्यांना लगेच जाऊ दिलं नाही, अर्धा तास तिथंच बसवलं, मग सगळं समजावून सांगितलं. आज-उद्या अंगात ताप येईल, त्याला घाबरायचं नाही. पाय दुखेल, लाल होईल, जरा गाठ लागेल. चोळायचं नाही, शेकायचं नाही. दूध थोडं थोडं पण सारखं पाजायचं. अंगावर हलके कपडे. ताप आला तर ह्या औषधाचे थेंब, ह्या नळीत इथल्या रेघेपर्यंत, त्याच्या वर नाही.

मामांचं एकच दुखणं होतं. शेकायचं नाही, म्हणजे काय? त्यांच्या आयुष्यात कंबर, गुडघा, लेकीचं लहानपणीचं पोट, जे जे दुखलं ते ते इस्त्रीवर कोमट केलेल्या फडक्यानं बरं झालं होतं.

"अगदी जरासं कोमट केलं तर?" त्यांनी विचारलं.

"नाही, आजोबा."

"नुसतं इस्त्रीच्या शेजारी ठेवलेलं फडकं?"

"आजोबा, इस्त्री शर्टांना करा."

मामा खाली मान घालून घरी आले. पण फडकं काही गरम केलं नाही. सिस्टरचा शब्द मोडला असं कुणी म्हणायला नको.

त्यांचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे एक खोली, तिच्या मागे नळ आणि वाळत घालायची दोरी. दुकानात मोठं टेबल, त्यावर जुनं घोंगडं आणि वर पांढरी चादर, वाफेची जड इस्त्री, डोक्यावर लोखंडी नळीला टांगलेले कपडे, खाली गाठोडी. त्या दिवशी एका लॉजच्या चादरींचा ढीग पडला होता आणि संध्याकाळी द्यायचा होता. एरवी मामा ठमीला मागच्या खोलीत झोपवायचे. पण आज सुई टोचलेली, डोळ्यांआड कशी ठेवायची? म्हणून त्यांनी तिचा झोळीसारखा पाळणा टेबल आणि भिंत यांच्यामधल्या जागेत आणून ठेवला, की मान वळवली की दिसावी.

ठमी दूध पिऊन झोपली. मामा चादरींना लागले. दर दोन-तीन चादरींनंतर इस्त्री उभी करायचे, दोन पावलं जाऊन पोरीच्या कपाळाला हात लावायचे. ताप आला की थेंब द्यायचे, हे पक्कं डोक्यात होतं. कपाळ थंड लागलं. बरं वाटलं. पुन्हा चादरी, पुन्हा हात. कपाळ अजून थंड. असं तीन-चार वेळा झाल्यावर मामांना काळजी वाटू लागली, पण भलतीच. ताप तर नाहीच, उलट पोर गार पडतेय की काय?

मग त्यांनी पातळ दुलई काढली आणि पोरीला गुंडाळली. थोड्या वेळानं दुलई सोडून आत लोकरीचं झबलं घातलं. मग टोपी. मग मोजे. ठमीनं मधे रडून घेतलं, मामांनी दूध दिलं, तिनं अर्धं घेतलं आणि तोंड फिरवलं. पाय दुखत असेल बिचारीचा, म्हणून मामांनी वरून आणखी एक शाल टाकली, खाली सरकू नये म्हणून कडा आत खोचल्या. खोचायचं काम त्यांना फार सुरेख जमायचं. ठमी थोडा वेळ कुरकुरली आणि गप्प झाली. लागली झोप, म्हणत मामा पुन्हा इस्त्रीला.

अशात शेजारची बटणवहिनी आली. तिचं बटणं, चेनी आणि दोऱ्याच्या रिळांचं खोक्याएवढं दुकान मामांच्या भिंतीला लागून. तोंडाची फटकळ, पण पोरीवर जीव. लसीनंतर पोर कशी आहे ते बघायला आली होती.

"मामा, ठमी कुठंय?"

"ही काय, समोर."

"ही? हे तर अंथरूण आहे." ती वाकली, शालीच्या आत बोटं घातली आणि तशीच ताठ झाली. "अहो मामा, पोर भाजतेय."

मामांना हे पटेना. त्यांनी आत्ताच हात लावून बघितला होता, गार होती. एवढी वर्षं ह्या हातानं पोट भरलं, तो हात चुकत नाही, असं त्यांनी वहिनीला ठणकावलंही. वहिनीनं काही वाद घातला नाही. मामांचा हात धरला आणि स्वतःच्या गालाला लावला.

"माझा गाल कसा लागतो?"

"गार," मामा म्हणाले.

"मला ताप नाही आणि मी काही बर्फातून आले नाही. तुमचा हातच तापलाय, मामा. इस्त्रीवरून उठून येता. त्या हाताला सगळं जग गारच लागणार."

मामा खाली वाकले आणि आपला गाल पोरीच्या कपाळाला लावला. गाल काही इस्त्री करत नाही. गालाला बरोबर कळलं.

त्यांनी ठमीला हाक मारली. एरवी ठमी म्हटलं की ती आवाजाच्या दिशेनं डोळे फिरवायची. आत्ता पापण्या जेमतेम हलल्या. चेहरा लालबुंद, केस टोपीखाली ओले, शालीतून बाहेर काढलेला हात कापसाच्या बाहुलीसारखा लोंबलेला. त्यांनी पोर उचलली आणि तशीच छातीशी धरून रस्त्याला लागले. पायात चपला नाहीत, अंगात बनियन, खांद्यावर कुठल्याशा लॉजची उशीची खोळ. इस्त्री चादरीवर तशीच आडवी टाकलेली. तीस वर्षांत मामांनी असं कधी केलं नव्हतं. वहिनी त्यांच्यामागे निघाली होती, पण जळका वास आला तशी उलटी फिरली, बटण बंद केलं, चादरीला पडलेलं तपकिरी कडांचं भोक बघून कपाळाला हात लावला, दुधाची झाकणाची वाटी नि औषधाची बाटली पिशवीत टाकली आणि ओरडत सुटली, "मामा, शाल काढा, आधी शाल काढा."

मामांना ऐकूच येत नव्हतं. दोन गल्ल्या त्यांना संपता संपेनात. चालताना ते पोरीशी बोलत होते, काय बोलत होते त्यांचं त्यांनाही ठाऊक नाही. रस्त्यावरच्या लोकांनी आपणहून बाजू दिली.

दवाखान्यातली रांगही आपोआप दुभंगली. सिस्टरनं पोर हातात घेतली, टेबलावर ठेवली आणि कांदा सोलावा तशी एकेक पापुद्रा काढू लागली. शाल, दुलई, लोकरीचं झबलं, टोपी, मोजे, आतलं आणखी एक झबलं. नुसत्या लंगोटावर ठमी उरली तेव्हा ती निम्मी दिसायला लागली. सिस्टरनं काखेत थर्मामीटर धरलं. मग आतून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी छातीला नळी लावून ऐकलं, टाळूवरून बोट फिरवलं, तळपायाला टिचकी मारली. ठमीनं पाय आखडून घेतला.

मामा भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या डोक्यात ना रविवार होता, ना विहीणबाई. एवढंच होतं, की पोर सोपवून लेक कामाला गेली आणि तिला अजून काही माहीत नाही. कारखान्यात फोन दारातच जमा करून घेत, त्यामुळे कळवायचीही सोय नव्हती. त्यांनी सिस्टरचा पदर धरावा तसा तिच्या कोटाचा कोपरा धरला.

"सिस्टरबाई, मी घालवली का हो हिला?"

सिस्टर वळली. तोंडाशी आलेलं काहीतरी तिनं गिळलं असावं, कारण मग अगदी हळू बोलली.

"नाही, आजोबा. हिला ताप आलाय तो सुईचा, तो यायचाच होता. त्याच्यावर तुम्ही हिला पाव भाजायला ठेवतात तसं ठेवलंत, म्हणून जास्त चढला आणि पोर मलूल झाली. आता उघडी केलीय ना, बघा तुम्हीच."

सिस्टरनं औषधाचे रेघेपर्यंतचे थेंब दिले. पंखा थोडा बाजूला वळवला. तोवर वहिनी धापा टाकत पोचली. पिशवीतली वाटी काढून सिस्टरपुढे धरली. एवढं हिंदकळत आणलेलं आणि सकाळपासूनचं दूध, म्हणून सिस्टरनं ते ओतून टाकलं आणि बाकड्यावरच्या एका आईकडे बघितलं. त्या बाईनं काही न विचारता स्वतःचं दूध वाटीत काढून दिलं. ठमीनं पहिला चमचा ओठांवरून खाली सोडला. दुसरा गिळला. तिसरा चमचा यायला उशीर झाला तेव्हा तिनं डोळे उघडले, छताकडे बघितलं, आणि असा टाहो फोडला की बाकड्यावरची सगळी गाठोडी एकदम जागी होऊन तिला साथ देऊ लागली.

दवाखान्यात कान फाटायची वेळ आली आणि मामांचा जीव भांड्यात पडला. ते तिथंच जमिनीवर बसले. इतकं गोड रडणं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

तासाभरानं पुन्हा ताप बघितला तेव्हा पारा बराच खाली आला होता. सिस्टरनं निघताना पुन्हा सगळं सांगितलं, ह्या खेपेला वहिनीकडे बघून. हातानं ताप बघायचा नाही, थर्मामीटरनं बघायचा. एक साधं झबलं, बास. दोन दिवसांत उतरला नाही, दूध तोडलं, झटका आला, हाक मारून उठेना किंवा काही केल्या रडायची थांबेना, तर तसंच उचलून आणायचं, जसं आज आणलं. शेवटचं वाक्य ती मामांकडे बघून बोलली, आणि मामांना जरा पाणी प्यायला सुचलं.

घरी आल्यावर वहिनीनं आपलं थर्मामीटर दिलं, पोर मागच्या खोलीत झोपवली आणि दुकान बंद करायला लावलं. जाताना दारात थांबली.

"हे बघा मामा, पोर आता बरी आहे. लेकीला सांगितलंच पाहिजे असं काही नाही. चादर जळली म्हणा, आणि विषय संपवा. नाहीतर रविवारी पोर जायची तुमची."

वहिनी गेल्यावर मामा ठमीजवळ बसून राहिले. वहिनीचं बोलणं खोटं नव्हतं. कुणाला कळणार होतं? ठमी काही सांगणार नव्हती. आणि ठमी गेली तर ह्या खोलीत दिवसभर करायचं काय, तेही त्यांना दिसत होतं. चादरी, चादरी आणि चादरी.

लेक आली ती चपला काढत काढतच आत शिरली. पोर पातळ झबल्यात, पाय पसरून, शांत झोपलेली. तिनं गालाला गाल लावला, थोडी कढत आहे म्हणाली, आणि हसली, कारण एवढं तर व्हायचंच होतं. तेव्हा मामांनी तिला बस म्हटलं आणि सगळं सांगितलं. दुलई, झबलं, टोपी, शाल, कडा आत खोचल्या तेसुद्धा. हात गरम होता आणि आपल्याला कळलं नाही, वहिनी आली म्हणून कळलं, हेही सांगितलं.

"विहीणबाईंकडे दे तिला," ते शेवटी म्हणाले. "माझ्या हाताचा भरवसा नाही, पोरी."

दिवसभर बाटल्यांतला तडा शोधणारे तिचे डोळे, ते बापाच्या तोंडावर तसेच रोखलेले. मग तिनं विचारलं, वहिनीनं सांगितल्यावर किती वेळ घालवलात? मामा म्हणाले, आधी वाद घातला, मग गाल लावला, तेवढाच. तिनं पायांकडे बघत विचारलं, चपला? मामांनी पाय पोटाशी घेतले. एका अंगठ्याला ठेच लागून रक्त वाळलं होतं, ते त्यांनी अजून धुतलंही नव्हतं.

ती उठली, पाणी आणलं, बापाचा अंगठा धुतला.

"अप्पा," ती खाली बघतच म्हणाली, "तुम्ही लपवलं असतं आणि मला वहिनीकडून कळलं असतं, तर उद्याच दिली असती. आता कशाला देऊ?"

मामांना वाटलं, नीट ऐकू आलं नाही. पण लेक आधीच अटी सांगत होती. पाळणा दुकानात आणायचा नाही. लसीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी इस्त्री बंद, लॉजवाला ओरडला तर ओरडू दे. हात कपाळाला लावायचा तो लाडानं, ताप बघायला नाही. मामा प्रत्येक अटीला मान हलवत होते. आणखी दहा घातल्या असत्या तरी हलवली असती.

मग तिनं सासूबाईंना फोन लावला आणि बापासमोरच सगळं सांगून टाकलं. मामा मान खाली घालून बसले, आता काय ऐकायला मिळतंय म्हणून. मग विहीणबाईंचं ठसठशीत बोलणं खोलीभर ऐकू आलं. पाच कपडे? तान्ह्या पोराला? ह्या पुरुषांना ना, एक तर उघडं ठेवतील नाहीतर पुरून टाकतील. मग श्वास घेऊन त्या म्हणाल्या की रविवारी येणार ते येणारच, नवं थर्मामीटर घेऊन येते, उसनं कुठवर वापराल. पोर न्यायचं त्यांनी काढलंच नाही. फोन ठेवता ठेवता मात्र विचारलं, "आणि त्यांच्या पायाला काय लागलं म्हणालीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पारा जागेवर आला. मांडीवर एक बारीकशी गाठ होती, पण ठमीला तिची फिकीर नव्हती. दोन्ही पाय हवेत झाडून तिनं पांघरलेलं फडकं कधीच लाथाडलं होतं आणि पंख्याशी काहीतरी भांडण चालवलं होतं. मामा शेजारी बसल्या जागी भिंतीला टेकून झोपले होते, तोंड उघडं, हातात वाटी. लॉजवाल्याचा माणूस दार ठोकून ठोकून निघून गेला.

लेकीनं बापाच्या हातातली वाटी हळूच काढून घेतली, दूध झाकून ठेवलं, खांद्याला हात लावून त्यांना जागं केलं, आणि कामाला निघाली. गल्लीच्या वळणावर रोज ती थांबून एकदा मागे बघायची. त्या दिवशी सरळ गेली.